छोट्या टाकीचा जुना हिशेब



अर्ध्या लिटरची स्कूबा टाकी आता घरबसल्या मागवता येते. पाण्याच्या बाटलीएवढी, हातपंपाने भरता येणारी, बॅगेत मावणारी. तिच्या वर्णनात बहुतेक वेळा एक आकडा असतो: पाण्याखाली पाच ते दहा मिनिटं. हा आकडा खोटा आहे का? तसं म्हणता येणार नाही. पण तो अपूर्ण आहे. त्यात एक गोष्ट सांगायची राहिलेली असते, ती म्हणजे 'किती खोलीवर?'

माझ्या पीएचडीच्या कामात उच्च दाबाचे सिलिंडर रोज हाताळावे लागतात. त्यामुळे सिलिंडर आधी कोणी बनवले, का बनवले, त्यांचे नियम कुठून आले हे वाचायची सवय लागली. त्या वाचनातून एक गोष्ट स्पष्ट होत गेली. पाण्याखालची छोटी टाकी हा नवा शोध नाही. पाण्याखाली नेलेल्या पहिल्या टाक्या छोट्याच होत्या. गेल्या दीडशे वर्षांत त्या टाकीचं काम मात्र बदललं. आधी ती खाली जाण्यासाठी होती, आता ती वर येण्यासाठी आहे. हा बदल का झाला हे समजलं, की टाकी कशी निवडायची आणि कशी वापरायची याचे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

आधी एक गैरसमज

आपल्याकडच्या बातम्यांमध्ये हमखास लिहिलेलं असतं: 'पाठीवर ऑक्सिजनचा सिलिंडर लावून पाणबुडे उतरले.' स्कूबाच्या साध्या टाकीत शुद्ध ऑक्सिजन नसतो. त्यात आपण आत्ता घेतोय तीच हवा असते, फक्त गाळलेली, कोरडी केलेली आणि दाबून भरलेली. ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, बाकी मुख्यतः नायट्रोजन.

हा शब्दांचा कीस नाही. दाबाखालचा ऑक्सिजन विषारी ठरतो, हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोठ्या ग्रंथात प्रयोगांनिशी मांडलं. शुद्ध ऑक्सिजन घेत साधारण सहा मीटरच्या खाली गेलं तर झटके येण्याचा धोका असतो, आणि पाण्याखाली झटका येणं म्हणजे बुडणं. म्हणून हॉस्पिटलचा छोटा ऑक्सिजन सिलिंडर हा स्कूबाच्या छोट्या टाकीला पर्याय नाही. दोन्ही दिसायला सारखे असले तरी.

खाणीतून समुद्रात

ही गोष्ट समुद्रात सुरू होत नाही, खाणीत होते. फ्रान्समधल्या आवेरों प्रांतातल्या एस्पालियाँ या गावचे खाण-अभियंता बेन्वा रूकेरॉल यांनी १८६० मध्ये एक नियंत्रक बनवला. विषारी वायू भरलेल्या खाणीत शिरणाऱ्या माणसाला श्वास घेईल तेव्हाच हवा मिळावी, ही कल्पना. पुढे नौदल अधिकारी ऑग्युस्त दनेरूझ त्यांना येऊन मिळाले आणि १८६४ मध्ये या दोघांचं पाण्याखालचं उपकरण तयार झालं.

पाणबुड्याच्या पाठीवर लोखंडी टाकी असे, पण ती हवेचा मुख्य साठा नव्हती. बोटीवरच्या पंपातून नळीने हवा येत राही. गरज पडली तर नळी सोडून थोडा वेळ टाकीतल्या हवेवर काम भागवता येई. म्हणजे आजच्या भाषेत ती राखीव टाकी होती. त्या काळचं लोखंड आणि जोडकाम फार तर काही दशक वातावरण दाब सहन करू शकत असे. आज आपण २०० बार सहज बोलतो, त्याच्या तुलनेत हा दाब फारच कमी.

आता इथे एक गंमत. ज्यूल व्हर्न यांनी आपल्या पाणबुडीच्या कादंबरीत हेच उपकरण, शोधकांच्या नावासकट, कॅप्टन नेमोच्या तोंडी घातलं. नेमो सांगतो की टाकीत ५० वातावरण दाबाने हवा भरलेली आहे आणि ती नऊ-दहा तास पुरते. आपण साधा हिशेब करू. चालता-फिरता माणूस मिनिटाला सुमारे २० लिटर हवा घेतो. नऊ तासांचे झाले १०,८०० लिटर, तेही पृष्ठभागावर. ५० पट दाबून भरली तरी टाकी २१६ लिटरची लागेल. दोन मोठी पिंपं पाठीवर घेऊन फिरावं लागेल! कादंबरीला ते माफ आहे. पण 'इतकी मिनिटं पुरते' असा आकडा समोर आला की गुणाकार करून बघायचा, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

तीन लिटर, दीडशे बार

पहिलं महायुद्ध संपेपर्यंत पोलाद सुधारलं होतं. १९२६ मध्ये फ्रेंच नौदल अधिकारी ईव्ह ल प्रिएर आणि मॉरिस फर्नेझ यांनी नळीपासून पूर्ण मोकळं असं उपकरण दाखवलं. त्यात मिशेलिन कंपनीचा सिलिंडर होता, तीन लिटर आकाराचा, १५० बार दाबाचा. म्हणजे पृष्ठभागावर मोजली तर ४५० लिटर हवा. त्यावर दोन दाबमापक होते: एक टाकीतल्या दाबासाठी, एक बाहेर पडणाऱ्या हवेसाठी.

आता बॉइलचा नियम लावा. पाण्यात दर १० मीटरला दाब साधारण एक बारने वाढतो. पृष्ठभागावर १ बार, १० मीटरवर २ बार, २० मीटरवर ३ बार. फुप्फुसं तेवढीच राहतात, पण भोवतालचा दाब दुप्पट झाला की तीच फुप्फुसं भरायला दुप्पट हवा लागते. १० मीटरवर मिनिटाला ४० लिटर. ४५० भागिले ४०, म्हणजे जेमतेम ११ मिनिटं. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण ल प्रिएर यांच्या उपकरणात हवा सतत वाहत असे. माणूस श्वास सोडत असतानाही टाकी रिकामी होत राही.

म्हणजे आज ज्याला छोटी टाकी म्हणतो, तिच्यावर १९२६ मध्ये अख्खी बुडी मारत होते. आणि ती पुरत नव्हती. पुढच्या काही दशकांचा इतिहास हा 'ती पुरत का नाही' या प्रश्नाच्या दोन उत्तरांचा इतिहास आहे.

पहिलं उत्तर १९४३ चं. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोलची टंचाई होती आणि मोटारी गॅसवर चालवायची धडपड सुरू होती. एअर लिक्विड कंपनीतले अभियंता एमिल गान्याँ त्यासाठी गॅस-नियंत्रकावर काम करत होते. झाक-ईव्ह कुस्तो यांना पाण्याखाली श्वासागणिक हवा देणारा नियंत्रक हवा होता. दोघांच्या कामातून 'मागेल तेव्हाच हवा' देणारा आधुनिक रेग्युलेटर आला. कल्पना रूकेरॉल यांचीच होती, पण आता तिच्या मागे उच्च दाबाचा सिलिंडर होता. वाया जाणारी हवा वाचली.

दुसरं उत्तर सरळ होतं: टाकी मोठी करा. १९७० च्या दशकात अमेरिकेत ॲल्युमिनियमच्या टाक्या आल्या आणि त्यातली एक जगभर रूढ झाली. आकार सुमारे ११ लिटर, दाब सुमारे २०० बार, म्हणजे साधारण २२०० लिटर हवा. मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यात स्कूबा केलं असेल, तर तुमच्या पाठीवरही बहुधा याच मापाची टाकी असेल.

इथे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी एक मुद्दा लक्षात घ्यावा. धातू तोच आणि दाब तोच असेल, तर सिलिंडरच्या भिंतीला लागणारा धातू हा ढोबळमानाने दाब गुणिले आकारमान या राशीच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे एक लिटर हवेमागे लागणारं वजन छोट्या-मोठ्या टाकीत जवळपास सारखंच. छोटी टाकी हलकी असते ती तिच्यात काही चलाखी आहे म्हणून नव्हे, तिच्यात हवा कमी आहे म्हणून.

छोटी टाकी परत आली, वेगळ्या कामासाठी

मोठी टाकी मुख्य झाल्यावर छोटी टाकी संपायला हवी होती. तसं झालं नाही. मुख्य रेग्युलेटर बिघडला, हवा संपली, जोडीदार दूर आहे, अशा वेळी करायचं काय हा प्रश्न उरला होताच. त्यावर एक तोडगा म्हणजे मोठ्या टाकीच्या बाजूला बांधलेली दुसरी, स्वतंत्र छोटी टाकी. तिला डायव्हर मंडळी 'पोनी' म्हणतात. तिचा रेग्युलेटर वेगळा, दाबमापक वेगळा. ब्रिटनमध्ये तीन लिटरची पोनी बरीच प्रचलित आहे. म्हणजे आकाराने बरोबर ल प्रिएर यांची टाकी!

दुसरीकडे, १९८० च्या दशकात अमेरिकन नौदलाने हेलिकॉप्टरच्या कर्मचाऱ्यांना याहूनही छोट्या टाक्या दिल्या. हेलिकॉप्टर पाण्यात कोसळलं की उलटतं, कारण इंजिन वर असतं. आतल्या माणसाला पट्टा सोडून, अंधारात दार शोधून बाहेर पडायला फार वेळ लागत नाही, पण एका दमात ते जमेलच असं नाही. अशा ठिकाणी ८०-९० लिटर हवा पुरेशी आहे, कारण खोली कमी आहे, काम एकच आहे आणि दिशा एकच आहे: बाहेर.

दोन्हीकडचं साम्य बघा. पोनीवर किंवा हेलिकॉप्टरच्या टाकीवर कोणी बुडी सुरू करत नाही. आज अर्ध्या लिटरची टाकी तोंडात धरून बुडी सुरू करणं म्हणजे १९२६ च्या अडचणीत परत जाणं, तेही त्यांच्यापेक्षा एक चतुर्थांशाहून कमी हवा घेऊन.

आकड्यांत बघू

अर्धा लिटर गुणिले २०० बार, १०० लिटर. दहा मिनिटांचा दावा म्हणजे मिनिटाला १० लिटर. हे खुर्चीत शांत बसलेल्या माणसाच्या जवळ जाणारं श्वसन आहे, आणि तेही पाण्याबाहेरचं. पाय मारत असाल तर २० धरा. १० मीटरवर ते ४० होतात, म्हणजे अडीच मिनिटं. घाबरलात तर श्वसन सहज दुप्पट होतं, म्हणजे सव्वा मिनिट. शिवाय टाकीतला शेवटचा थोडा दाब रेग्युलेटर चालवायलाच लागतो, तो वापरता येत नाही.

आता राखीव टाकी किती मोठी हवी ते बघू. खोली १८ मीटर, म्हणजे २.८ बार. संकटातलं श्वसन मिनिटाला ४० लिटर. सावरायला एक मिनिट: ११२ लिटर. मिनिटाला ९ मीटर या वेगाने वर यायला दोन मिनिटं, सरासरी दाब १.९ बार: १५२ लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सुरक्षा-थांबा, १.५ बार: १८० लिटर. एकूण ४४४ लिटर.

ल प्रिएर यांच्या टाकीत ४५० लिटर होते. १९२६ ची अख्खी बुडी म्हणजे आजचं १८ मीटरवरून सुरक्षित परतणं. मला वाटतं, छोट्या टाकीचा सगळा इतिहास या एका तुलनेत आला. अर्थात ४४४ ला ४५० म्हणजे काठोकाठ. आज तीन लिटरची टाकी २०० बारने भरली तर ६०० लिटर मिळतात, आणि थोडी शिल्लक राहते.

उथळ म्हणजे सुरक्षित नव्हे

'मी स्विमिंग पूलमध्येच वापरणार आहे,' हा नेहमीचा युक्तिवाद. हवेच्या प्रमाणाबद्दल तो ठीक आहे. फुप्फुसांबद्दल नाही.

दम धरून खाली गेलेला माणूस वर येतो तेव्हा फुप्फुसातली हवा मूळ आकाराला परत येते, बस्स. पण खाली असताना टाकीतून श्वास घेतला आणि तो रोखून वर आलं, तर ती हवा फुगत जाते. १० मीटरवरची सहा लिटर हवा पृष्ठभागावर १२ लिटर व्हायला बघते. फुप्फुस फाटतं, बुडबुडे रक्तात शिरतात, मेंदूकडे जाऊ शकतात. त्याला दहा मीटरही लागत नाहीत. फुप्फुसं पूर्ण भरलेली असतील तर एक ते सव्वा मीटरचा फरकही पुरेसा ठरू शकतो.

हे ज्ञान पाणबुडीतून सुटकेच्या प्रशिक्षणातून आलं. १९३० च्या आसपास नौदलांमध्ये सुटकेची श्वसन-उपकरणं देऊन सराव सुरू झाला आणि सरावातच दुखापती होऊ लागल्या. १९३२ मध्ये अमेरिकन नौदलाच्या वैद्यकीय नियतकालिकात पोलॅक आणि ॲडम्स यांनी या प्रकाराबद्दल लिहिलं. तेव्हापासून पहिला नियम तोच आहे: टाकीतून श्वास घेत असाल तर श्वास कधीही रोखायचा नाही, वर येताना तर नाहीच. पोहता येणाऱ्याची स्वाभाविक सवय बरोबर याच्या उलट असते. म्हणून टाकी कितीही छोटी असो, प्रशिक्षण पूर्णच लागतं. अर्ध्या टाकीला अर्धं प्रशिक्षण चालत नाही.

धातूची आठवण

सिलिंडर हा दिसायला निर्जीव असला तरी त्याच्यात ऊर्जा साठवलेली असते. अर्धा लिटर हवा २०० बारला धरली आणि ती एकदम सुटली, तर ढोबळ हिशेबाने सुमारे २० किलोज्यूल. ५० किलोचं पोतं ४० मीटर उंचीवरून, म्हणजे बारा-तेरा मजल्यांवरून पडावं तेवढी. म्हणूनच सिलिंडरची दाबचाचणी हवेने नाही, पाण्याने करतात. पाणी फारसं दबत नाही, त्यामुळे चाचणीत टाकी फुटली तरी सुटणारी ऊर्जा कमी असते.

अमेरिकेत सुरुवातीच्या ॲल्युमिनियम टाक्या ६३५१ क्रमांकाच्या मिश्रधातूच्या होत्या. सतत दाबाखाली राहिल्याने त्यातल्या काहींच्या मानेजवळ, आट्यांपाशी, हळूहळू तडे गेले आणि काही टाक्या फुटल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस उत्पादक ६०६१ या मिश्रधातूकडे वळले. पुढे तिथे जुन्या टाक्यांच्या मानेची खास विद्युत तपासणीही सक्तीची झाली. जुनी, स्वस्त, ॲल्युमिनियमची टाकी कोणी देऊ केली तर मिश्रधातू कोणता आणि शेवटची चाचणी कधीची हे विचारण्यामागे हा इतिहास आहे.

आपल्याकडे सिलिंडरचे नियम बघणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. गॅस सिलिंडर नियम, २०१६ मधली व्याख्या ५०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या पात्राची आहे. म्हणजे बरोबर अर्ध्या लिटरची बाटली व्याख्येच्या उंबरठ्याबाहेर राहते. पण व्याख्येबाहेर म्हणजे धोक्याबाहेर नव्हे. वरचे २० किलोज्यूल नियम वाचून कमी होत नाहीत.

मग निवडायची कशी?

इतिहासातून निघालेले प्रश्न क्रमाने विचारा.

१. काम कोणतं? छोटी टाकी राखीव म्हणूनच घ्या. मुख्य हवा म्हणून नको.

२. किती खोलीवरून परतायचं आहे? वरचा तीन ओळींचा हिशेब स्वतःच्या खोलीसाठी मांडा. टाकीचे लिटर आणि दाब यांचा गुणाकार त्याहून बराच मोठा हवा.

३. टाकीवर काय कोरलं आहे? आकारमान, कामकाजाचा दाब, धातू किंवा मानक, चाचणीची तारीख. कोरीव खुणा नसतील तर ती टाकी घेऊ नका.

४. दाबमापक आहे का? ल प्रिएर यांनी १९२६ मध्ये लावला होता. आज नसायला कारण नाही. आणि तो बुडीच्या आधी दरवेळी बघायचा.

५. हवा कोण भरणार? इंजिनाचा धूर ओढणारा कॉम्प्रेसर कार्बन मोनॉक्साइड भरतो, आणि दाब वाढला की त्याचा परिणामही वाढतो. हातपंपात नीट गाळणी आणि ओलावा काढायची सोय नसेल तर ओल, तेलाचा अंश आत जातो. भरताना टाकी तापते हेही लक्षात ठेवा. ५० अंशांना दाखवलेले २०० बार २५ अंशांना सुमारे १८४ उरतात.

६. हाताशी कुठे असेल? न बघता, एका हाताने सापडली पाहिजे. सराव केलेला नसेल तर राखीव टाकी म्हणजे नुसतं ओझं.

वापरानंतर गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण रिकामी करू नका म्हणजे आत पाणी शिरणार नाही, आणि उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नका.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना अजून एक सांगतो. कुठलाही आकडा वाचताना त्याच्या छेदात काय दडलंय ते शोधा. 'दहा मिनिटं' या दोन शब्दांत श्वसनाचा वेग, खोली आणि माणसाची मनःस्थिती अशी तीन गृहीतकं लपलेली होती. प्रबंध वाचताना, पेपर वाचताना हेच करायचं असतं.

शेवटी एक गणित, स्वतः सोडवा. टाकी एक लिटरची, २०० बार. खोली १२ मीटर. घाबरलेला डायव्हर, पृष्ठभागावर मोजलं तर मिनिटाला ४० लिटर. एक मिनिट सावरायला, मग मिनिटाला ९ मीटर वेगाने वर, सुरक्षा-थांबा नाही. उत्तर साधारण १७३ लिटर यायला हवं, म्हणजे जेमतेम जमतं. आता हेच गणित दाबमापक १५० बार दाखवत असताना परत करा. मग ठरवा, ही टाकी घ्यायची की नाही.